पित्तक्षार, कोलेस्टेरॉल आणि पेशीपटल: एकाच सांगाड्याचे दोन स्वभाव

रेणूवेल्हाळ (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "पित्तक्षार म्हणजे शरीरातला साबण." (पित्तक्षार म्हणजे चरबी पाण्यात मिसळवणारे पित्तातले रेणू.) मी तिथे "अगदी तसं नाही" एवढंच लिहून थांबलो. नीट सांगायचं तर वेगळा धागाच हवा होता. तो आज काढतोय. लांबलाय, पण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

सुरुवात नावापासून. ग्रीकमध्ये "खोले" म्हणजे पित्त आणि "स्टेरिऑस" म्हणजे घट्ट, घन. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पित्ताशयातल्या खड्यांमधून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला गेला आणि १८१५च्या सुमारास शेव्रलने त्याला "कोलेस्टेरीन" म्हटलं. हृदयविकार आणि रक्ततपासण्या हे सगळं पुष्कळ नंतरचं. माणसाची आणि कोलेस्टेरॉलची पहिली गाठ पडली ती पित्तात. १९४३ साली कॉनराड ब्लॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड हायड्रोजनची खूण असलेलं कोलेस्टेरॉल एका कुत्र्याला दिलं, आणि ती खूण त्याच्या पित्तातल्या कोलिक आम्लात सापडली. म्हणजे पित्ताम्लं, ज्यांच्या क्षारांना पित्तक्षार म्हणतात, यकृतात कोलेस्टेरॉलपासूनच बनतात. ज्या पित्तात कोलेस्टेरॉलचे खडे होतात, त्याच पित्तात त्याला विरघळवून ठेवणारे रेणूही असतात, आणि ते त्याचेच वंशज असतात.

आता आकार बघा, कारण सगळी गंमत आकारात आहे.

कोलेस्टेरॉलचा रेणू म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या चार कड्यांची सपाट, ताठ पट्टी. एका टोकाला एकुलता एक हायड्रॉक्सिल गट, दुसऱ्या टोकाला आखूड शेपटी. एकूण २७ कार्बन. पाणी आवडणारा भाग एवढासा, तोही अगदी टोकाला. पेशीपटलात, म्हणजे पेशीच्या आवरणात, हा रेणू फॉस्फोलिपिडांच्या (पटल ज्यांचं बनतं त्या लिपिडांच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या) शेपट्यांना समांतर उभा राहतो. हायड्रॉक्सिल पाण्याच्या बाजूला, पट्टी आत.

यकृत या रेणूवर काय करतं? शेपटीचे तीन कार्बन छाटून तिथे आम्लगट बसवतं, म्हणजे उरले २४. कड्यांमधला दुहेरी बंध घालवतं. पहिल्या दोन कड्यांचा सांधा असा वळवतं की सपाट पट्टी कोपरात वाकवल्यासारखी होते. आणि नवे हायड्रॉक्सिल गट बसवतं, सगळे एकाच अंगाला. कोलिक आम्लात असे तीन गट वाकलेल्या पट्टीच्या आतल्या अंगाला येतात आणि बाहेरच्या अंगाला पाणी न आवडणारे मिथिल गट उरतात.

साबणाच्या रेणूला डोकं आणि शेपूट असतं. पित्तक्षाराला डोकं-शेपूट नसतं, त्याला दोन अंगं असतात: एक ओलं, एक कोरडं. म्हणून तो पटलात खुंटीसारखा उभा घुसत नाही. मात्रा कमी असते तेव्हा तो पटलाच्या पृष्ठभागावर आडवा पडतो, कोरडं अंग खाली आणि ओलं अंग वर पाण्याकडे. त्याची मिसेलंही (पाण्यात एकत्र जमलेल्या रेणूंचे झुबके) साबणासारखी नसतात. नेहमीच्या डिटर्जंटच्या एका मिसेलमध्ये साधारण ६० ते १०० रेणू असतात. पित्तक्षारांच्या साध्या मिसेलमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, पाठीला पाठ लावून बसलेले.

आता दोघांना एकाच पटलासमोर उभं करा.

पेशीच्या बाहेरच्या पटलात दर शंभर लिपिड रेणूंमागे तीस-चाळीस कोलेस्टेरॉलचे असतात. ते शेजारच्या शेपट्यांना सरळ उभं राहायला लावतात, थर दाटतो. लीद्झ यांनी १९२५ साली दाखवलं की पाण्यावर पसरलेल्या एकपदरी थरात लिपिड आणि कोलेस्टेरॉल एकत्र असतील तर ते दोघांच्या स्वतंत्र क्षेत्रफळांच्या बेरजेपेक्षा कमी जागा घेतात. (त्याच वर्षी गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींमधलं लिपिड पाण्यावर पसरून पटल दुहेरी थराचं असल्याचं मांडलं. पटलाच्या अभ्यासासाठी काय वर्ष होतं ते!)

पित्तक्षार नेमकं उलटं करतो. आडवा पडून तो जागा अडवतो, पण त्याच्याखाली शेपट्यांच्या भागात पोकळी राहते. ती भरायला शेपट्या पसरतात, थर पातळ होतो, गळायला लागतो. शिवाय विद्युतभारित पित्तक्षार पलीकडच्या थरात सहज उलटत नाही, म्हणून बाहेरचा थर फुगतो आणि आतला तेवढाच राहतो. अशा ताणाखाली पटल वाकतं, फुगवटे येतात.

पुढे काय होतं त्याचा नकाशा हेलेनियस आणि सायमन्स यांनी १९७५ साली डिटर्जंटांसाठी मांडला. आधी डिटर्जंट पटलात शिरतो, पण पटल टिकतं. मग पटल भरतं, आणि त्याचे तुकडे सुटून मिसेलं आणि पटल शेजारी शेजारी नांदतात. शेवटी सगळंच मिसेल होतं. पित्तक्षारांनाही हा नकाशा लागू पडतो, फक्त सीमारेषा लवकर येते. सोडियम कोलेटच्या, म्हणजे कोलिक आम्लाच्या क्षाराच्या, बाबतीत साध्या लेसिथिनच्या (हे एक नेहमीचं फॉस्फोलिपिड) पटलात साधारण तीन लिपिडांमागे एक रेणू शिरला की पटल भरलंच समजा.

कोलेस्टेरॉल या चढाईला आडवं येतं, कारण दाटीत नव्या रेणूला शिरायला जागा नसते. आणि तरीही हेच कोलेस्टेरॉल पित्तात वाहून न्यायचं असतं ते पित्तक्षारांनीच. मला या विषयात सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते हेच. एक रेणू पटलाला बांधतो, त्याचाच वाकवलेला भाऊ पटल मोडतो, आणि शरीर दोघांना एकाच नळीतून सोडतं.

---

शंकेखोर

वाचलं, दोनदा वाचलं. आकाराचा भाग पहिल्यांदाच डोक्यात शिरला, धन्यवाद.

एक साधी शंका. पित्तक्षार पटलं मोडत असतील तर ते तयार करणारी यकृतपेशी, त्यांना साठवणारं पित्ताशय आणि वाहून नेणाऱ्या नळ्या शाबूत कशा राहतात? म्यूकसचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा, थर असतो म्हणून?

---

वैद्यक_नवशिकी

अगदी हाच प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता. विचारला तेव्हा "म्यूकस असतो" एवढं उत्तर मिळालं. पण यकृतपेशींच्या मधल्या सूक्ष्म नलिकांमध्ये, जिथे पित्त पहिल्यांदा बाहेर पडतं, तिथे म्यूकसचा थर नसतो ना? मग?

---

रेणूवेल्हाळ

नवशिकीताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. म्यूकसचा उपयोग पित्ताशयात आणि पुढच्या वाटेवर. यकृतपेशीच्या दारात बचाव वेगळाच आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो.

त्या नलिकेकडच्या पटलाचा बाहेरचा थर स्फिंगोमायलिन नावाच्या लिपिडाने आणि कोलेस्टेरॉलने दाट भरलेला असतो. या दोघांचं एकमेकांशी छान जमतं, सरळ शेपट्या आणि ताठ पट्टी. पित्तक्षाराला तिथे पाय रोवणं जड जातं. हा झाला तटबंदीचा भाग.

दुसरा भाग: पित्तक्षार एकटा बाहेर पडतच नाही. त्याला बाहेर टाकणारा पंप आहे एबीसीबी११. त्याच पटलात एबीसीबी४ नावाचं प्रथिन आहे, ते फॉस्फॅटिडिलकोलीन, म्हणजे लेसिथिन, आतल्या थरातून बाहेरच्या थरात आणतं. एबीसीजी५ आणि एबीसीजी८ ही जोडगोळी कोलेस्टेरॉल बाहेर सोडते. बाहेर आलेला पित्तक्षार हे लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल उचलतो आणि त्यांच्याबरोबर मिश्र मिसेल बनवतो. मिसेलमध्ये गुंतलेल्या पित्तक्षाराची पटलं मोडण्याची ताकद बरीच उतरते, कारण मोकळे रेणू थोडे उरतात. त्याची भूक शमवायला लेसिथिन आधीच पुढ्यात ठेवलेलं असतं, असं म्हणा.

चौथं प्रथिन एटीपी८बी१. ते काही लिपिडं बाहेरच्या थरातून परत आत ओढतं आणि बाहेरच्या थराची शिस्त टिकवतं.

याचा पुरावा १९९३ साली आला. उंदरातलं एबीसीबी४शी जुळणारं जनुक काढून टाकलं तेव्हा त्यांच्या पित्तातून फॉस्फोलिपिड जवळपास नाहीसं झालं. पित्तक्षार मात्र येत राहिले. त्या उंदरांच्या पित्तनलिका आणि यकृत खराब झालं. माणसातही यातल्या तीन जनुकांतल्या दोषांनी लहान मुलांमध्ये पित्त अडून यकृत खराब होत जाणारे आजार होतात: पहिला प्रकार एटीपी८बी१चा, दुसरा एबीसीबी११चा, तिसरा एबीसीबी४चा.

म्हणून पित्तात लेसिथिन कशाला, असं कुणी विचारलं तर पचनाच्या आधी मी हे उत्तर देईन: नळ्या वाचाव्यात म्हणून.

---

मोरपीस

शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. वाचतेय, पुढे लिहा.

---

जुना_जीवरसायनी

धागा चांगला चालला आहे. एक दुरुस्ती सुचवतो, कारण इथे विद्यार्थीही वाचत आहेत.

"कोलेस्टेरॉल थर दाट करतं" हे अर्धंच झालं. लिपिडावर आणि तापमानावर बरंच अवलंबून असतं. डायपामिटॉइलफॉस्फॅटिडिलकोलीन हे सरळ शेपट्यांचं लेसिथिन घ्या. त्याचं शुद्ध पटल ४१ अंश सेल्सियसला वितळतं. त्याखाली शेपट्या गोठून ओळीत बसलेल्या असतात. अशा गोठलेल्या पटलात कोलेस्टेरॉल घातलं तर ती ओळ मोडते आणि पटल सैल होतं. ४१ अंशांच्या वर घातलं तर वळवळणाऱ्या शेपट्या शिस्तीत येतात आणि पटल घट्ट होतं. पुरेसं कोलेस्टेरॉल असलं की वितळण्याचा तो ठळक टप्पाच पुसला जातो. मधल्या या अवस्थेला १९८७ साली "द्रव पण सुव्यवस्थित" असं नाव मिळालं. रेणू बाजूला सरकू शकतात, पण शेपट्या सरळ राहतात.

पित्तक्षारांच्या दृष्टीने हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. गोठलेल्या पटलात भेगा असतात, अव्यवस्थित पटलात जागा असते. या मधल्या अवस्थेत दोन्ही नसतं.

कोलेस्टेरॉलला सगळे शेजारी सारखे आवडत नाहीत, हेही लक्षात ठेवा. स्फिंगोमायलिन आणि सरळ शेपट्यांची लिपिडं त्याला प्रिय. अनेक दुहेरी बंध असलेल्या, वाकड्या शेपट्यांजवळ ताठ पट्टी नीट बसत नाही. म्हणून पटलात किती टक्के कोलेस्टेरॉल आहे एवढं सांगून भागत नाही, ते कोणाच्या शेजारी उभं आहे तेही सांगावं लागतं.

---

रेणूवेल्हाळ

सर, मान्य. मी साध्या लेसिथिनच्या, शरीराच्या तापमानाला वितळलेल्या पटलाचंच गृहीत धरून लिहिलं आणि ते सांगायचं राहून गेलं. मूळ लेखात बदल करत नाही, तुमचा प्रतिसाद शेजारी असला की वाचणाऱ्याला दोन्ही दिसेल.

---

कोलेटवाली

मी या रेणूंबरोबर रोज काम करते, म्हणून प्रत्यक्ष काय दिसतं ते लिहिते.

लेसिथिनचे लायपोसोम, म्हणजे पटलाचे बंद गोळे, पाण्यात असले की नळी दुधट दिसते. तिच्यात सोडियम कोलेटचं द्रावण थेंबाथेंबाने घालत गेलं की सुरुवातीला डोळ्यांना काहीच कळत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर गढूळपणाचा आकडा थोडा हलतो, कधी वरही जातो. मग एक टप्पा येतो आणि पुढच्या काही थेंबांत नळी पाण्यासारखी स्वच्छ होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सरांना ओढत आणलं होतं.

लायपोसोममध्ये शंभरात चाळीस कोलेस्टेरॉल असेल तर हाच प्रयोग फार वेगळा वागतो. स्वच्छ व्हायला वेळ लागतो, जास्त कोलेट लागतं, आणि स्वच्छ झाली म्हणून ती तशीच राहील याची खात्री नाही. त्यावर पुढे लिहीन.

आता माझी एक चूक, जिच्यातून मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. एकदा अशी स्वच्छ झालेली नळी मला मोजमापासाठी फार दाट वाटली, म्हणून मी तिच्यात बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालून पातळ केली. डोळ्यांदेखत नळी पुन्हा दुधट झाली. वाटलं, काहीतरी दूषित झालं. दोन दिवस बफर तपासण्यात गेले. बफरमध्ये काहीच नव्हतं. पातळ केल्यावर पित्तक्षार मिसेलमधून सुटून पाण्यात गेले, उरलेल्या लिपिडांना कडा झाकायला कुणी राहिलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा बंद गोळे बनवले. मोडलेलं पटल पित्तक्षार काढून घेतले की आपलं आपण सांधतं.

ही माझी चूक, पण हेच तंत्र म्हणून फार उपयोगी आहे. कागावा आणि रॅकर यांनी १९७१ साली पटलातली प्रथिनं कोलेटने विरघळवून, मग डायलिसिसने कोलेट काढून टाकून, ती पुन्हा लायपोसोममध्ये बसवली. पित्तक्षार त्यासाठी सोयीचे, कारण त्यांची मिसेलं लहान आणि त्यांना मिसेल बनवायला लागणारी मात्रा मोठी. कोलेटला साधारण १० मिलिमोलरच्या पुढे जावं लागतं, डीऑक्सिकोलेटला त्याहून बरीच कमी पुरते. मात्रा मोठी म्हणजे मोकळे रेणू भरपूर, आणि मोकळे रेणू डायलिसिसच्या पडद्यातून सहज निघून जातात.

---

रेणूवेल्हाळ

कोलेटवाली, तुमच्या नळीत जे झालं तेच पित्ताच्या प्रवासात होतं, दोन्ही दिशांनी! यकृतातून निघालेलं पित्त पातळ असतं, त्यात बरंचसं लेसिथिन-कोलेस्टेरॉल बंद गोळ्यांच्या, म्हणजे व्हेसिकलांच्या रूपात असतं. पित्ताशय पाणी शोषून ते कित्येक पट दाट करतं आणि व्हेसिकलं मिसेलांत बदलतात. पुढे आतड्यात ते पुन्हा पातळ होतं आणि परत व्हेसिकलं दिसायला लागतात. घटक तेच, फक्त पाणी कमी-जास्त.

आणि हे रेणू वाया जात नाहीत. आतड्याच्या शेवटच्या भागात सुमारे ९५ टक्के परत शोषले जातात आणि यकृताकडे जातात. शरीरातला एकूण साठा काही ग्रॅमचाच, पण दिवसातून अनेकदा फिरतो.

---

सूक्ष्मदर्शी

मी जिवाणूंकडचं सांगतो. त्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल बहुधा नसतंच, तरी आतड्यात काही जण मजेत राहतात. ग्रॅम-ऋण जिवाणूंना आणखी एक बाहेरचं पटल असतं, त्याचा वरचा थर लिपोपॉलिसॅकराइडचा (साखर जोडलेल्या लिपिडाचा) असतो, त्यातून पित्तक्षार सहज जात नाहीत. जे आत शिरतात त्यांना पंप बाहेर फेकतात. इ. कोलायमध्ये एसीआरएबी-टीओएलसी नावाचा पंप आहे. यावरच मॅककॉन्की आगार हे जिवाणू वाढवायचं माध्यम चालतं: त्यातले पित्तक्षार ग्रॅम-धन जिवाणूंना रोखतात आणि आतड्यातले ग्रॅम-ऋण वाढतात.

म्हणजे पित्तक्षारांपासून वाचायचे रस्ते वेगळे, पण हिशेब तोच. बाहेरचा थर इतका घट्ट विणायचा की आडव्या पडणाऱ्या रेणूला फट मिळू नये.

---

शंकेखोर

मध्येच एक घरगुती प्रश्न. माझ्या आईच्या पित्ताशयात खडे निघाले. तिचं रक्तातलं कोलेस्टेरॉल मात्र व्यवस्थित आहे. वर वाचल्यावर वाटलं, कोलेस्टेरॉल कमी तर खडे कसे?

---

वैद्यक_नवशिकी

शंकेखोर, आईंच्या उपचारांचं त्यांचे डॉक्टरच सांगतील. मी फक्त त्या "कसे"चं उत्तर देते. रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल आणि पित्तातले खडे यांचं नातं सरळ नाही. खड्यांसाठी पित्तातलं प्रमाण बघावं लागतं, आणि तेही तिघांचं एकत्र: पित्तक्षार, लेसिथिन, कोलेस्टेरॉल.

१९६८ साली ॲडमिरँड आणि स्मॉल यांनी हे तीन घटक त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर ठेवून आलेख काढला. त्रिकोणातल्या एका छोट्या पट्ट्यात सगळं कोलेस्टेरॉल मिसेलांत मावतं. त्या पट्ट्याबाहेर गेलात की ते जास्तीचं होतं. निव्वळ पित्तक्षारांची मिसेलं कोलेस्टेरॉल फारच थोडं धरतात. लेसिथिन आलं की क्षमता कितीतरी वाढते, कारण मिसेलच्या आत पटलाचाच एक तुकडा तयार होतो आणि कोलेस्टेरॉलला ओळखीचं घर मिळतं.

जास्तीचं कोलेस्टेरॉल व्हेसिकलांत राहतं. पित्त दाट होत जातं तसे पित्तक्षार व्हेसिकलांमधून लेसिथिन भराभर काढून नेतात, कोलेस्टेरॉल मागे राहतं. व्हेसिकल कोलेस्टेरॉलने गच्च होत जातं. एक लेसिथिनमागे एकाहून जास्त कोलेस्टेरॉल झालं की ती व्हेसिकलं एकमेकांना चिकटतात आणि त्यांतून स्फटिक फुटतात. म्हणून पित्त पित्ताशयात जास्त वेळ पडून राहणं वाईट. वजन फार झपाट्याने उतरवलं तरी खड्यांचा धोका वाढतो.

१९७९ साली एका गटाने पित्तातले आधीचे कण काढून ते ठेवून दिलं आणि पहिला स्फटिक कधी दिसतो ते मोजलं. खडे असलेल्यांच्या पित्तात सरासरी सुमारे ३ दिवसांत, नसलेल्यांच्या पित्तात सुमारे १५ दिवसांत. नसलेल्यांपैकी अनेकांच्या पित्तातही कोलेस्टेरॉल जास्तीचंच होतं. म्हणजे जास्तीचं असणं पुरेसं नाही, स्फटिकाला सुरुवात मिळणंही लागतं. पित्ताशयातला म्यूकस, जो भिंत वाचवतो, तोच ही सुरुवात करून द्यायला मदत करतो.

---

शंकेखोर

खूप आभार. आईला हे असंच वाचून दाखवलं, तिने शांतपणे ऐकलं. तिला अर्सोडिऑल नावाच्या गोळ्यांबद्दल कुणी सांगितलंय. त्याही पित्तक्षारच का?

---

रेणूवेल्हाळ

हो, अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल. अस्वलाच्या पित्तात पहिल्यांदा सापडलं म्हणून हे नाव, लॅटिनमध्ये "उर्सुस" म्हणजे अस्वल.

आकाराचा धडा याच्याइतका सोपा करून दुसरं कुणी सांगत नाही. चीनोडीऑक्सिकोलिक हे दुसरं पित्ताम्ल आणि अर्सोडीऑक्सिकोलिक या दोघांमध्ये फरक एवढाच की सातव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल एकात एका अंगाला, दुसऱ्यात दुसऱ्या. अणू तेवढेच, तेच. पण तो एक गट कोरड्या अंगाला गेल्यामुळे ते अंग कोरडं राहत नाही आणि रेणूची पटलात घुसण्याची ओढ कमी होते. पटलाला घातक ठरण्याच्या क्रमात लिथोकोलिक सर्वांत वर, मग डीऑक्सिकोलिक, चीनोडीऑक्सिकोलिक, कोलिक आणि सर्वांत खाली अर्सोडीऑक्सिकोलिक. म्हणूनच पित्तनलिकांच्या एका जुनाट आजारात ते औषध म्हणून वर्षानुवर्षं देता येतं. आणि क्रमात वरून दुसरं असलेलं डीऑक्सिकोलिक आम्ल हनुवटीखालच्या चरबीच्या पेशी फोडण्यासाठी टोचतात. अमेरिकेत त्याला २०१५ साली मान्यता मिळाली. एकच घराणं!

खड्यांवर अर्सोडीऑक्सिकोलिकची गोळी चालते ती लहान, कॅल्शियम न साचलेल्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, पित्ताशय नीट आकुंचन पावत असेल तर. महिनोन्‌महिने घ्यावी लागते आणि पुढे खडे परतही येऊ शकतात. तुमच्या आईंना ती लागू आहे का हे डॉक्टर सोनोग्राफी बघून सांगतील.

विशेष म्हणजे याची मिसेलं कोलेस्टेरॉल धरण्यात कमजोर असतात. तरी खडा विरघळतो, कारण यकृतातून पित्तात येणारं कोलेस्टेरॉल घटतं आणि खड्याच्या पृष्ठभागावरचं कोलेस्टेरॉल लेसिथिनबरोबर द्रव-स्फटिकी थर बनून सुटत जातं.

---

संथवारा

लेखात मिश्र मिसेलांच्या आकाराबद्दल काही आलं नाही. आम्हाला पाठ्यपुस्तकात नाण्यासारखी चकती शिकवली होती: मध्ये दुहेरी थराचा तुकडा, कडेला पित्तक्षारांची पट्टी. ते बरोबर ना?

---

जुना_जीवरसायनी

ते चित्र स्मॉल यांचं, १९६७चं. १९८०मध्ये मेझर, बेनेडेक आणि कॅरी यांनी त्यात बदल करून पित्तक्षार चकतीच्या आतही असतात असं मांडलं. नंतर न्यूट्रॉन विखुरणाने वेगळंच दिसलं: पटल मोडण्याच्या सीमेजवळ मिसेलं लांब, लवचिक दोऱ्यांसारखी असतात. १९९१ साली गोठवून घेतलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत कोलेट आणि लेसिथिनच्या मिश्रणात उघडी पडलेली व्हेसिकलं, पटलाचे तुकडे आणि हे लांब दोरे असे टप्पे प्रत्यक्ष दिसले. मी स्वतः अनेक वर्षं चकतीच शिकवली. आज शिकवायची वेळ आली तर दोरा आधी काढेन, कारण डोळ्यांनी दिसलेलं चित्र ते आहे. पित्तक्षार भरपूर झाले की मात्र गोल-लहान मिसेलंच उरतात.

---

संथवारा

धन्यवाद सर. "उघडी पडलेली व्हेसिकलं" हे शब्द वाचून चित्र डोळ्यांसमोर आलं.

---

कोलेटवाली

वर "पुढे लिहीन" म्हटलं होतं, ते आज लिहिते. धागा वाचून राहवलं नाही, म्हणून गेल्या सोमवारी एक नळी लावली. टॉरोकोलेट (पित्तातलाच एक क्षार) भरपूर, लेसिथिन अगदी थोडं, आणि कोलेस्टेरॉल जेमतेम मावेल एवढं. गरम करून स्वच्छ केली, गाळली, मग मुद्दाम पातळ केली म्हणजे मिसेलांची क्षमता घटून कोलेस्टेरॉल जास्तीचं होईल. शरीराच्या तापमानाला ठेवून दिली.

सोमवारी संध्याकाळी ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहिला. बारीक तंतू, केसाहून कितीतरी बारीक. मंगळवारी काही तंतू वळून फिरकी झाले होते, जिन्याच्या वळणासारखे. बुधवार-गुरुवारी फिरक्यांच्या जागी नळ्या दिसायला लागल्या. हे असं होतं हे १९९२पासून छापील आहे, पण स्वतःच्या थेंबात बघणं निराळं. शुक्रवारी त्यांच्यामध्ये पहिल्या चौकोनी पाट्या आल्या, पातळ, चकाकणाऱ्या, एक कोपरा खाचेसारखा तुटलेला. खड्यांमध्ये सापडतात त्याच कोलेस्टेरॉल मोनोहायड्रेटच्या.

आज सकाळी नळी उजेडात धरली तर तळाशी चमक साध्या डोळ्यांनी दिसते. शेजारी दुसरी नळी ठेवली आहे: घटक तेच, फक्त लेसिथिन बरंच जास्त. ती अजून स्वच्छ आहे. रोज सकाळी बघते आणि बदल झाला की इथे लिहिते.

---

शंकेखोर

दुसऱ्या नळीची वाट बघतोय. आईही विचारत होती.